शाहपुरा ते ऐशबाग : संघ नेमका कुठे घडतो?

भोपाळला येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते. बडा तलाव, वनविहार, जनजातीय संग्रहालय, एक दिवस सांची, एक दिवस भीमबेटका. त्या यादीत शाहपुरा कधीच नसतो आणि त्यात काही गैरही नाही. शाहपुरा ही दक्षिण भोपाळमधली राहण्याची वस्ती. मधोमध सत्तरच्या दशकात बांधलेला तलाव, एका अंगाला चार इमलीची टेकडी, दुसऱ्या अंगाला त्रिलंगा, गुलमोहर, बावडिया कलां अशा कॉलन्या. संध्याकाळी तलावाकाठी निवृत्त अधिकारी फेऱ्या मारतात, भुट्टेवाले निखारे फुलवतात आणि कोचिंगच्या बॅगा पाठीला लावलेली मुलं स्कूटीवरून पुढच्या क्लासला पळत असतात. पाण्याचा वास अधूनमधून नाक मुरडायला लावतो, पण सूर्यास्त मात्र झकास दिसतो.

मी इथेच राहतो. बी.ई. झालो, काही वर्षं पुण्यात काढली आणि आता पुण्याच्याच एका कंपनीचं काम शाहपुऱ्यातल्या घरातून करतो. आमचं घराणं भोपाळचं झालं ते १९५६ मध्ये. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि फायलींबरोबर नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबंही आली. त्यात माझे आजोबा होते. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा, कारखाना उभा राहत होता. त्यानेही अनेक मराठी घरं इथे आणली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असेल. आपण आलो ते नोकरीसाठी, राहिलो नव्या भोपाळमध्ये आणि जुन्या भोपाळशी आपला संबंध उरला तो चौकातल्या खरेदीपुरता.

टीव्हीवरचं रग्बी

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सात-सात खेळाडूंचं रग्बी, सहा संघ, परदेशातले नावाजलेले खेळाडू आणि त्यांच्या जोडीला आपली मुलं. मुंबई ड्रीमर्सच्या प्रेमापोटी आम्ही बिल्डिंगमधले चार-पाच जण एकाच्या घरी जमायचो. नियम निम्मे कळायचे नाहीत. चेंडू पुढे धावत न्यायचा, पण हाताने पास द्यायचा तो मात्र मागेच किंवा बाजूला, एवढं पक्कं समजलं होतं. शेवटी चषक नेला चेन्नई बुल्सने.

सामने संपले आणि एका प्रश्नावर वाद सुरू झाला. व्यावसायिक संघ यशस्वी कशाने होतो? एक जण म्हणाला पैशाने, एक म्हणाला प्रशिक्षकाने, तिसरा म्हणाला डेटाने. डेटावाला अर्थातच माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला. मग मी थोडं वाचत गेलो आणि दोन देशांपाशी थांबलो.

पहिला न्यूझीलंड. लोकसंख्या सुमारे ५० लाख, म्हणजे पुणे-पिंपरी मिळून जेवढी माणसं राहतात त्याहूनही कमी. तरी त्यांच्या ‘ऑल ब्लॅक्स’ संघाने १९८७, २०११ आणि २०१५ असे तीन विश्वचषक जिंकले. या संघाची एक सवय जगभर प्रसिद्ध आहे. सामना संपल्यावर मोठमोठे खेळाडू स्वतः झाडू घेऊन ड्रेसिंग रूम साफ करतात. आपला कचरा आपण उचलायचा, नाव कितीही मोठं असो.

दुसरा दक्षिण आफ्रिका. २०२३ च्या विश्वचषकात त्यांनी उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला २९-२८, उपांत्य फेरीत इंग्लंडला १६-१५ आणि अंतिम फेरीत न्यूझीलंडला १२-११ असं हरवलं. तिन्ही सामने एकेका गुणाने! अंतिम सामन्यात त्यांनी राखीव आठ जणांपैकी सात जण धिप्पाड फॉरवर्ड ठेवले होते. पहिल्या फळीने समोरच्याला दमवायचं आणि ताज्या दमाच्या या फळीने उरलेलं काम उरकायचं. या राखीव फौजेला तिकडे ‘बॉम्ब स्क्वाड’ म्हणतात. कर्णधार सिया कोलिसी हा गरीब वस्तीत वाढलेला. बारा वर्षांचा असताना एका चांगल्या शाळेने त्याला शिष्यवृत्ती देऊन उचलला, नाहीतर तो या वाटेला लागला असता की नाही, कोण जाणे.

हे सगळं मी उत्साहाने घरी सांगत होतो. तेव्हा माझी भाची म्हणाली, “मामा, एवढ्या लांब कशाला जातोस? ऐशबागला जाऊन ये की.”

भाची नववीत आहे आणि गेली तीन वर्षं हॉकी खेळते. ताईच्या घरात त्या वेळी तिच्या हॉकीवरूनच धुसफूस चालली होती. दहावीचं वर्ष तोंडावर आलं होतं. क्लासची बॅच संध्याकाळी पाचची आणि सरावही संध्याकाळीच. भावजींचं म्हणणं साधं होतं, “खेळून पोट भरतं का?” ताई मधल्यामध्ये अडकलेली.

बोर्ड ऑफिस ओलांडून

एका रविवारी मी आणि भाची स्कूटरवरून निघालो. शाहपुऱ्याहून बारा नंबर, दहा नंबर करत बोर्ड ऑफिस चौक, मग चेतक पूल, प्रभात चौक आणि पुढे ऐशबाग. बोर्ड ऑफिस म्हणजे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाचं कार्यालय. दहावी-बारावीच्या परीक्षा तिथूनच चालतात. शाहपुऱ्यातून हॉकीच्या मैदानाकडे जाताना वाटेत बोर्ड उभं आहे, हे भाचीने मला हसत हसत दाखवलं. भावजी सोबत नव्हते म्हणून बरं.

ऐशबाग देशाला माहीत झालं ते २०२५ मध्ये, तिथल्या रेल्वे उड्डाणपुलामुळे. पूल वर जाऊन एकदम काटकोनात वळल्यासारखा दिसतो, त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले आणि आम्हा इंजिनिअर मंडळींना पुढे महिनाभर तोंड लपवावं लागलं. पण हॉकीवाल्यांना ऐशबाग त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे, ते तिथल्या स्टेडियममुळे.

स्टेडियमबाहेर चहाच्या टपरीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. भाचीच्या हातातली स्टिक बघून त्यांनीच विचारलं, “को खां, किस पोजीशन पे खेलती है बिटिया?” ती म्हणाली, “हाफ.” मग काय, पुढचा पाऊण तास त्यांचाच होता. जुन्या भोपाळमध्ये दुकानांपुढच्या पाटांवर, ज्यांना इथे ‘पटिये’ म्हणतात, रात्री उशिरापर्यंत गप्पांचे फड बसत. त्या फडांमध्ये राजकारणाइतकीच हॉकी चघळली जायची. त्यांच्या लहानपणी स्टिक विकत घ्यायला पैसे नसत. झाडाची वाकडी फांदी तोडायची, तासायची आणि गल्लीत उतरायचं. गल्ली अरुंद, त्यामुळे चेंडू स्टिकपासून लांब गेला की गेलाच. “इसी लिए हाथ बनता था,” ते म्हणाले.

त्यांच्या गप्पांत नावं येत होती. घरी येऊन मी ती एकेक करून तपासली, तेव्हा जे हाती लागलं त्याने मी थक्क झालो.

दोन वडील, दोन मुलगे

१९३६ चं बर्लिन ऑलिंपिक. १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ असं हरवलं. कर्णधार मेजर ध्यानचंद. त्या संघात भोपाळचे दोन खेळाडू होते, अहमद शेर खान आणि अहसान मोहम्मद खान. भोपाळ तेव्हा संस्थान होतं. नवाब हमीदुल्ला खान स्वतः पोलोचे खेळाडू आणि खेळांचे आश्रयदाते. ‘भोपाळ वाँडरर्स’ संघाचं नाव देशभर होतं आणि इथल्या ओबेदुल्ला खान सुवर्णचषकासाठी लांबलांबून संघ येत. म्हणजे गल्लीत तयार झालेल्या मुलाला पुढे जायला मैदान होतं, स्पर्धा होती आणि पाठीशी उभं राहणारं कुणीतरी होतं.

आता १९७५. क्वालालंपूरचा विश्वचषक, उपांत्य सामना, समोर यजमान मलेशिया. भारत १-२ असा मागे आणि सामना संपायला काही मिनिटं उरलेली. मायकेल किंडोच्या जागी राखीव खेळाडूंमधला एक एकवीस वर्षांचा मुलगा मैदानात आला. पेनल्टी कॉर्नर मिळाला. मुलाने गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि चेंडू गोलात मारला. बरोबरी झाली. पुढे जादा वेळेत हरचरण सिंगने गोल करून सामना ३-२ असा जिंकून दिला. दोन दिवसांनी भारताने पाकिस्तानला २-१ हरवून विश्वचषक घेतला. हॉकीतला आपला तो आजवरचा एकमेव विश्वचषक.

राखीव फळीतून आलेला तो मुलगा म्हणजे अस्लम शेर खान. भोपाळचा, अहमद शेर खान यांचा मुलगा. आणि अंतिम सामन्यात विजयी गोल करणारा अशोक कुमार हा ध्यानचंद यांचा मुलगा. बर्लिनला दोन वडील एका संघात होते, क्वालालंपूरला त्यांचे दोन मुलगे. अस्लम शेर पुढे राजकारणात गेले आणि बैतूलचे खासदार झाले. बैतूलकडच्या आपल्या मराठी मंडळींना ते त्या नात्याने आठवत असतील.

दक्षिण आफ्रिकेची ‘बॉम्ब स्क्वाड’ आठवा. राखीव माणूस हा उरलेला माणूस नसतो. वेळ येईल तेव्हा सर्वांत अवघड काम त्याच्याच वाट्याला येतं आणि त्यासाठी तो अनेक वर्षं आधीपासून तयार असावा लागतो. अस्लम शेरचा तो एक फटका काही सेकंदांचा होता. त्यामागे बर्लिनपासूनचं एक घर आणि एक अख्खं शहर उभं होतं.

बादशहा आले आणि गेले

मग हे शहर मागे का पडलं? कारणं एकात एक गुंतलेली आहेत. फाळणीनंतर काही चांगले खेळाडू पाकिस्तानात गेले. लतीफुर रहमान आणि अख्तर हुसेन १९४८ ला भारताकडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि १९५६ ला पाकिस्तानकडून रौप्य. त्यानंतरही भोपाळने खेळाडू दिलेच. १९६८ ला इनामुर रहमान, १९८४ ला जलालुद्दीन रिझवी, २००० ला समीर दाद ऑलिंपिक खेळले. त्या काळात हॉकीपटूला पगार मिळायचा तो नोकरीतून. रेल्वे, इंडियन एअरलाइन्स, पोलीस, सैन्य, बँका यांचे संघ असत. हॉकी खेळलं की नोकरी लागते, हे गल्लीतल्या मुलाच्या घरी माहीत होतं. दुसरीकडे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. तिथे भारत सातवा आला. टर्फ महाग, ते गल्लीत येत नाही. गल्लीत घडलेल्या हातांना मोठ्या स्पर्धेसाठी आता वेगळंच मैदान लागू लागलं. ते जिथे मिळालं नाही तिथली मुलं मागे राहिली.

आणि मग २०१२ मध्ये भोपाळला चक्क व्यावसायिक संघ मिळाला. वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची लीग सुरू झाली, आठ संघांची. त्यातला एक ‘भोपाळ बादशाह्ज’. कर्णधार आपला समीर दाद, प्रशिक्षक १९८० च्या मॉस्को सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार वासुदेवन भास्करन. त्या हंगामात अंतिम फेरीत पुण्याचा संघही होता, तो शेर-ए-पंजाबकडून हरला. ऐशबागचं स्टेडियम पुन्हा भरलं. टपरीवरचे चाचा सांगत होते, किती वर्षांनी तिकिटासाठी धक्काबुक्की बघितली. पण लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही. बादशहा एका उन्हाळ्यापुरतेच आले.

खेळाडू चांगले होते, प्रशिक्षक उत्तम होता, पैसा लावणारे होते. पण सगळं वरून आणून ठेवलेलं. लीग बंद पडली तेव्हा खाली गल्लीत तिचं काहीच उरलं नाही. रग्बीतही असं घडलंय, तेही आपल्याच देशात. कोलकात्यात १८७० च्या दशकात इंग्रजांचा रग्बी क्लब होता. खेळणारे पांगले, मंडळी पोलो-टेनिसकडे वळली आणि १८७८ मध्ये क्लब बंद झाला. खात्यातले चांदीचे २७० रुपये काढून, वितळवून त्यांनी एक सुंदर चषक घडवला. तोच ‘कलकत्ता कप’. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळताहेत. चषक आजही आहे, तेव्हाचा तो क्लब नाही.

अकोल्याला दिसलेला मुलगा

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो. राज्य सरकारने भोपाळमध्ये मुलांची आणि ग्वाल्हेरला मुलींची हॉकी अकादमी सुरू केली. भोपाळच्या अकादमीत शिकवायला आले अशोक कुमार, तेच १९७५ चे. २०१३ मध्ये ते एका स्पर्धेसाठी अकोल्याला गेले होते. हो, आपल्या अकोल्याला. तिथे त्यांना एक तेरा वर्षांचा मुलगा दिसला. इटारसीजवळच्या चांदोन गावचा, वडील शिक्षक, मुलाने अभ्यासच करावा असं त्यांना वाटे. अशोक कुमार त्याला भोपाळला घेऊन आले. तो विवेक सागर प्रसाद.

मध्ये त्याला मोठी दुखापत झाली, उपचारांत गुंतागुंत होऊन तो जिवावरच्या दुखण्यातून गेला. पण २०१८ मध्ये, वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीच, तो भारतासाठी खेळला. टोकियोत त्याने अर्जेंटिनाविरुद्ध गोल केला आणि ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीला ५-४ असं हरवून भारताने ४१ वर्षांनी हॉकीत ऑलिंपिक पदक आणलं. २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य, पुन्हा तो संघात. टोकियोच्या संघातला मणिपूरचा नीलकांत शर्माही भोपाळच्याच अकादमीत घडला. विवेकला राज्य सरकारने पोलीस उपअधीक्षक केलं. म्हणजे भावजींच्या प्रश्नालाही उत्तर मिळालं, निदान एका मुलापुरतं.

आता सगळं एका ओळीत लावून बघा. अहमद शेरांपासून अस्लम शेर, ध्यानचंदांपासून अशोक कुमार आणि अशोक कुमारांपासून विवेक सागर. आम्ही कामावर ‘डिपेंडन्सी’ म्हणतो. एखादं मोठं सॉफ्टवेअर चालतं तेव्हा स्क्रीनवर एकच खिडकी दिसते, पण मागे शेकडो छोटे तुकडे एकमेकांवर टेकून उभे असतात. त्यातला कुठला तरी कोपऱ्यातला, कुणी लक्ष न दिलेला तुकडा बंद पडला की वरचं सगळं कोसळतं. संघाचंही तसंच आहे. खेळायला मोकळी जागा, हेरणारा माणूस, बाकावर संयमाने बसणारा राखीव खेळाडू, दुखापतीत सांभाळणारं कुणीतरी, महिन्याला हाती येणारा पैसा. पैसा लागतोच. रग्बीसुद्धा १९९५ मध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झालं, तेव्हाच खेळाडूंना उघडपणे पगार मिळू लागला. फक्त तो पैसा साखळीच्या वरच्या टोकालाच अडकला, की बादशाह्जचं झालं ते होतं.

आणि या साखळीचं पहिलं टोक कुणाच्याही हातात नसतं, घराच्या हातात असतं. मुलीची संध्याकाळ कुणाला द्यायची, हे शाहपुऱ्यातल्या डायनिंग टेबलवर ठरतं. आपण मराठी मंडळी सत्तर वर्षं या शहरात आहोत. गाणं, नाटक, गणेशोत्सव, शाळा, सगळीकडे आपण आहोत. हॉकीच्या मैदानावर आपली मुलं किती, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरतं मोजून बघावं.

मग आमच्या घरी काय ठरलं?

दोन रविवार चर्चा झाली. भावजी काही खलनायक नाहीत, त्यांना मुलीची काळजी आहे. सगळेच विवेक सागर होत नाहीत, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. पण सगळेच आयआयटीतही जात नाहीत, हे आईने शांतपणे सांगितलं आणि टेबलावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

शेवटी असं ठरलं, की दहावीच्या वर्षातही भाचीची हॉकी चालू राहील. परीक्षेआधीचे दोन महिने सराव आठवड्यातून दोनदाच. संध्याकाळचा क्लास सोडायचा आणि गणित-विज्ञान सकाळी सहा ते सात माझ्याकडे. माझ्या पहाटेच्या झोपेचा बळी गेला, पण साखळीतला एक तुकडा म्हणून मला एवढं काम चालेल. सहामाहीत तिचे गुण घसरले, तर पुन्हा टेबलावर बसायचं, ही भावजींची अट. ती मान्य केली आहे. ती संघात निवडली जाईल की बाकावर बसेल, हे पुढच्या वर्षी कळेल.

तुम्ही भोपाळला आलात, तर बडा तलाव बघाच, सांचीही करा. शाहपुऱ्याला आलात तर चहाला घरी या. पण एखादी संध्याकाळ मोकळी ठेवा आणि मुलांना घेऊन ऐशबागला चला. काटकोनी पूल वाटेतच आहे, त्याचा फोटो काढू. मग टपरीवर चहा घेऊ आणि मुलांना थोडा वेळ चाचांजवळ बसवू. त्यांच्याकडची नावं अजून संपलेली नाहीत.